मयत, बिनवारस

यासिर : हळू गो आपा, फाटेल! त्या कोपऱ्यावर पाण्याची बाटली ठेव. आणि ह्या खालच्या बाजूला मी ठेवतो... हा, खजुराचा डबा. झालं.

झुलेखा : जेवायचं टेबल आहे हे. कुर्मा कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर?

यासिर : कुर्मा पाच मिनिटं थांबेल. ही माणसं दीडशे वर्षं थांबलीत. माहीन, तू पण ये. तुझ्या आईचं सगळं खानदान हाय ह्याच्यात.

माहीन : मामू, हा कसला पेपर आहे? ऑइलचा वास येतोय.

यासिर : गॅस्केटचा. इंजिनात घालतात तो. आमच्या शुवैखच्या गाड्यांच्या पार्टच्या दुकानात रोल पडलेला. कार्डशीटवर काढलं असतं तर अर्धं खानदान खाली लोंबकळलं असतं. हा रोल बघ, वर नाखवा मोहिद्दीन आणि खाली आपण, मधे कुठे जोड नाय.

झुलेखा : खाली आपण कुठे? खाली तर गुंडाळलेलंच आहे.

यासिर : ते... खालचं सगळ्यांना माहीत असलेलंच हाय. गंमत वर हाय. आपा, तू मास्तरीण. ऱ्हस्वदीर्घ बघून दे, म्हणून आणलं. गुरुवारी तहसीलदारापुढे सुनावणी. माझ्या वतीने मेहुणा जाणार, ह्याचाच फोटो मोठा करून दाखवणार हाय.

झुलेखा : बघते. पण आधी माहीनला सांग. तिला काही ठाऊक नाही. मीही ऐकते. नीट सांग, पहिल्यापासून.

यासिर : तर माहीन, हा सगळ्यात वर, नाखवा मोहिद्दीन. नाखवा म्हणजे गलबताचा कॅप्टन. गाव आडबंदर, रत्नागिरीच्या पार दक्षिणेला, खाडीच्या तोंडावर. त्याला एक मुलगा हुसेन, एक मुलगी आमनाबी. आमनाबीचं लग्न झालं अठराशे एकोणसत्तर साली. बापाने तिला काय दिलं असेल?

माहीन : गोल्ड?

यासिर : चाळीस माड! आणि ते ज्या वाडीत उभे तेवढी जमीन. आमच्याकडे झाडं मोजून द्यायचे. जमीन एकाची आणि त्यातला माड दुसऱ्याचा, असंपण चालायचं. माड म्हणजे कोकोनट.

माहीन : माड मला माहितीये, मामू. मी एवढी पण कुवैती नाही.

यासिर : बरं बाई. आमनाबीचा नवरा गलबतं बांधणारा सुतार. कामासाठी तो इथे आला, कुवेतला. तेव्हा इथे तेल नाय, एसी नाय, काय नाय. मोती काढणारे आणि गलबतं. आमनाबीपण आली. म्हणजे आपल्या घराण्यातली गल्फला आलेली पहिली बाई, ती आमनाबी. मी नाय, तुझे अब्बा नाय.

माहीन : वाव. अम्मी, हे तू कधी सांगितलं नाहीस.

झुलेखा : मला तरी कुठे ठाऊक होतं? तुझ्या मामूने खणून काढलं. तीन वर्षांतल्या सगळ्या सुट्ट्या रेकॉर्ड रूममध्ये घालवल्या त्याने. तुझी लैलामामी मुंब्र्याला वाट बघत बसायची आणि हा रत्नागिरीत धूळ खायचा. ते श्रेय द्यायलाच हवं. पुढे बोल, यासिर.

यासिर : पुढे म्हातारा वारला. आणि हुसेनने काय केलं? तिच्या सख्ख्या भावाने? सरकारदफ्तरी लिहून दिलं : बहीण आमनाबी, मयत, बिनवारस.

माहीन : मयत म्हणजे डेड.

यासिर : डेड. आणि बिनवारस म्हणजे मागे पोरंबाळं नाय. ती इथे जिवंत, पदरात मुलगा, आणि तिकडे कागदावर मेली! एका ओळीत चाळीस माड गिळले. मग अठराशे त्र्याण्णवला तिचा मुलगा दाऊद गावी आला. वीस वर्षांचा पोरगा. कोर्टात उभा राहिला, बोलला, माझी आई जिवंत हाय. कोर्ट बोललं, दाखव. कुठून दाखवणार? आई इथे आजारी, गलबताने दीड महिना लांब. हरला केस. फक्त विहिरीजवळच्या बारा गुंठ्यांत राहायची परवानगी मिळाली. दाऊदचा मुलगा इस्माईल, त्याचा उस्मान म्हणजे आमचे अब्बा. त्या बारा गुंठ्यांत आमचं घर होतं. मी तिथेच जन्मलो, तुझी आईपण तिथेच.

माहीन : आणि आता ते कोणाचं आहे?

यासिर : तीच तर भानगड. उताऱ्यावर अजून ‘आमनाबी, मयत, बिनवारस’. वारसच नाय, तर हुसेनची पिढी बोलते, जमीन आमची. हफिजाआपा आणि तिची मुलं. आपलं घर तर चार पावसाळ्यांमागे बसलं. आता हे सिद्ध करायचं की आमनाबीला वारस होते आणि आम्ही त्यांचे वारस. त्याच्यासाठी ही वंशावळ. गुरुवारी कोणी हरकत घेतली नाय तर नोंद होईल.

झुलेखा : आणि मग?

यासिर : मग घर बांधीन. दोन खोल्या. आपा, तुला सांगितलं नाय, मालक पुढच्या वर्षी दुकान त्याच्या मुलाला देतोय. मुलाला माझ्यासारखा म्हातारा नको काउंटरवर. इथे राहायची परवानगी, अकामा, संपला की जाऊ कुठे? मुंब्र्याच्या भाड्याच्या खोलीत? सव्वीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे पार्ट विकले. आपल्या नावाचा एक दगड नाय कुठे.

झुलेखा : अरे, हे मला आत्ता सांगतोस?

यासिर : तुला कशाला टेन्शन.

झुलेखा : हं. यासिर, मला एक सांग. तो हुसेन कसा माणूस असेल रे?

यासिर : हलकट. आणखी कसा?

झुलेखा : का लिहिलं असेल त्याने तसं?

यासिर : लोभ!

झुलेखा : मला नाही वाटत तेवढंच. मला वाटतं, सोपं पडलं असेल. बहीण लांब. तिची संमती आणायची तर गलबताने दीड महिना जायला, दीड महिना यायला. कारकून म्हणाला असेल, मयत लिहा, आत्ता काम होईल. आणि त्याच्या मनात आलं असेल, लिहिल्याने कुठे मरतेय ती? असं झालं असेल ना?

यासिर : आपा, कुर्मा थंड होतोय.

झुलेखा : होऊ दे. खजुराचा डबा उचल.

यासिर : खाली काय नाय गो बघण्यासारखं...

माहीन : मामू, प्लीज. उचला.

(यासिर डबा उचलतो. कागद गुंडाळत वर येऊ लागतो. तो तळहाताने दाबून धरतो.)

झुलेखा : वाच.

यासिर : चश्मा गाडीत हाय.

झुलेखा : चश्मा तुझ्या खिशात आहे. अम्मी गेल्यावर मी तुला मांडीवर घेऊन अक्षरं शिकवलीत. त्या मास्तरणीपुढे वाचायला लाजतोस? वाच.

यासिर : उस्मान इस्माईल यांची मुले... एक, झुलेखा...

झुलेखा : पुढे.

यासिर : ...मयत, बिनवारस. दोन, यासिर.

माहीन : बिनवारस. म्हणजे मी नाहीच. नाइस टू मीट यू, मामू.

झुलेखा : माहीन.

माहीन : नाही अम्मी, तीन दिवस तू बोलू नको म्हणालीस, मी नाही बोलले. पण तो फोन मी उचललाय. तू नाही.

यासिर : कसला फोन?

माहीन : हफिजाखालांचा. गावाहून. मंगळवारी मी कामावर होते. त्या रडत होत्या. म्हणाल्या, बाळा, तुझी अम्मी गेली आणि मला कोणी कळवलंसुद्धा नाही. यू नो, आय ड्रॉप्ड द फोन? मला वाटलं घरी काहीतरी झालं आणि गावाला आधी कळलं. मी अम्मीला फोन लावतेय आणि अम्मी उचलत नाहीये!

झुलेखा : जमियात होते, सोसायटीच्या दुकानात. मासळीच्या रांगेत.

माहीन : अकरा मिनिटं, मामू. अकरा मिनिटं माझी आई मेलेली होती.

यासिर : या अल्ला. हफिजाआपाला कसं...

झुलेखा : कसं म्हणजे? नोटीस चावडीवर लागली ना महिनाभरापूर्वी. हफिजा रेशनला गेली होती, बोर्डावर तुझी वंशावळ वाचली. झुलेखा, मयत. पुढचं तिने वाचलंच नाही, तिला वाटलं, खरंच. तीन वर्षं मी गावी गेले नव्हते, फोनही नव्हता, तुमची भांडणं चालली म्हणून. घरी जाऊन दार लावून रडली म्हणे. माहीनचा नंबर शोधायला तिला इतके दिवस लागले. शाळेत एका बाकावर बसायचो रे आम्ही. दोघी एकदम शिक्षिका झालो.

यासिर : मग आता तिच्या मुलांना कळलं असेल. गेलं सगळं. खोटं प्रतिज्ञापत्र, केसपण होईल माझ्यावर.

झुलेखा : मुलांना तिने सांगितलं नाही. मला म्हणाली, तू जिवंत आहेस हे पुरे झालं. तू सांगशील तसं करते, झुलेखा. बोल म्हणशील तर बोलेन, गप्प बस म्हणशील तर गप्प बसेन.

यासिर : असं बोलली? हफिजाआपा?

झुलेखा : असं. आणि मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांब. जुम्म्याची नमाज झाली की यासिर जेवायला येतो. तो स्वतः सांगेल.

यासिर : मी सांगणारच होतो, आपा. कसम.

झुलेखा : जेवणाआधी की जेवणानंतर?

यासिर : ...गुरुवारनंतर.

झुलेखा : आता कसं खरं बोललास.

यासिर : माझं ऐकून तरी घे. जुलैत दहा दिवसांची रजा होती. त्यातले सात ऑफिसच्या पायऱ्या झिजवण्यात गेले. आठव्या दिवशी बोलले, सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. मी बोललो, बहीण कुवेतला. तर एम्बसीतून कागद, मग मुंबई, मग तो तालुक्याला, सहा महिने. तिथे एक एजंट बसतो झाडाखाली. तो बोलला, कशाला त्रास, लग्न होऊन गेलेली बहीण ना? मयत लिहा. जुनी तारीख टाका, दाखला कोण मागत नाय, दोन साक्षीदार पुरे. तो कागद पुढे सरकवतोय आणि माझं विमान दोन दिवसांवर. मी... केली सही. आत कागद देऊन बाहेर आलो, वाटलं, परत मागून घ्यावा. आईशपथ वाटलं. पण परत आत गेलो नाय.

झुलेखा : तारीख काय टाकलीस?

यासिर : आपा, सोड ना.

झुलेखा : मी कधी मेले ते मला कळू तरी दे.

यासिर : चौदा डिसेंबर पंच्याऐंशी.

माहीन : ही कुठली डेट?

झुलेखा : माझ्या लग्नाची.

यासिर : दुसरी कुठली सुचेना. तो पेन धरून बसलेला, सांगा सांगा बोलतोय. तीच एक पाठ होती. मी अकरा वर्षांचा होतो. सगळे पुलाव खात होते आणि मी विहिरीमागे लपलेलो. होडी गेली तरी बाहेर आलो नाय. अम्मी आधीच गेलेली, वर तू. त्या दिवशी घरातलं सगळं गेलं. म्हणून... हात त्याच तारखेवर गेला.

झुलेखा : मी होडीतून वळून वळून बघत होते. कुठे मेला हा पोरगा, म्हणून.

यासिर : मला वाटलं, तू बघितलंच नाय.

झुलेखा : पुसले का डोळे? त्या कागदाने नको पुसू, तेल लागेल. हे घे. आता ऐक. मला राग आला का? आला. मंगळवारी रात्री जेवले नाही मी. जमिनीचा नाही रे. मला माड नकोत, गुंठे नकोत. पण इथे चाळीस वर्षं झाली तरी मी पाहुणीच. सिव्हिल आयडीवरची तारीख संपते, परत वाढवतो. ‘तुमचं गाव कुठलं’ विचारलं की एवढ्या वर्षांनी पण ‘आडबंदर’ म्हणते. तिथल्याच बोर्डावर मला मारलंस. मग मी कुठली रे? मेलेल्या बाईला माहेर असतं का?

यासिर : चुकलं, आपा. पाया पडतो.

झुलेखा : पाया नको पडू, कुर्म्यात कोपर जाईल. काय करायचं ते बोलू. हे प्रतिज्ञापत्र मागे घे.

यासिर : मागे घेतलं तर सुनावणी गेली. नवीन अर्ज, नवीन नोटीस. हफिजाआपा गप्प बसेल, तिची मुलं बसणार नाय. ते हरकत घेतील, बोलतील, हा एकदा खोटं बोलला. दोन वर्षं जातील, नायतर तीन. आणि माझ्याकडे एकच हाय. तुला हे सगळं माहीत असून तू...

झुलेखा : माहीत असूनच सांगतेय.

यासिर : आणि हरलो तर? ते बारा गुंठेपण गेले तर?

झुलेखा : तर दाऊदसारखे हरू. तो वीस वर्षांचा पोरगा. आई मेली म्हणाला असता, मी तिचा वारस म्हणाला असता, तर कदाचित त्याच दिवशी चाळीस माड मिळाले असते त्याला. तसं म्हणाला नाही. माझी आई जिवंत आहे म्हणाला आणि हरला. तीन वर्षं तू त्याची कागदपत्रं वाचलीस, यासिर. हे नाही वाचलंस?

यासिर : ...वाचलं होतं. जबानी हाय त्याची. पाठ हाय मला.

झुलेखा : मग?

यासिर : मग काय. लिहितो आज. पण एम्बसीत तुझा हयातीचा दाखला लागेल. तुला जिवंत असल्याचं सर्टिफिकेट.

माहीन : अपॉइंटमेंट मी घेतलीये. रविवारी साडेनऊ. अम्मीचा फोटो व्हाइट बॅकग्राउंडवर हवा.

यासिर : तू आधीच घेतलीस?

माहीन : अम्मीने सांगितलं. मी म्हटलं, मामू नाही ऐकले तर? शी सेड, ऐकेल, त्याला मी वाढवलंय.

यासिर : मी नेईन गाडीने. दुकानात दांडी मारतो. आणि आपा... नोंद झालीच कधी, तर तू हक्कसोड देशील ना? म्हणजे घर बांधताना परत सही...

झुलेखा : नाही.

यासिर : नाय?

झुलेखा : आपल्या सगळ्या बायकांनी दिली. एका आत्याने साडीवर दिली, दुसरीने न विचारता दिली. मी नाही देणार. घर तू बांध, त्यात तू राहा, लैला राहू दे, मी एका विटेवर बोट ठेवणार नाही. पण उताऱ्यावर माझं नाव राहील. तुझ्या नावाच्या वर, मी थोरली आहे. आणि मी खरीच जाईन तेव्हा लिही मयत. मनाई नाही. खाली वारस म्हणून हिचं नाव लिही.

माहीन : माझं स्पेलिंग मी सांगेन.

यासिर : बरं. कबूल. आता तरी वाढ गो, पोटात काय नाय सकाळपासून.

झुलेखा : वाढते. ताट पुढे कर. हफिजाने माझ्या नावाने काय काय केलं ते ऐकायचंय का?

यासिर : फातेहा पढली असेल.

झुलेखा : पढली. शाळेतल्या पोरांना खीर वाटली. आणि एक माड लावला.

यासिर : माड? कुठे?

झुलेखा : विहिरीच्या उगवतीला. जिथे तू लपायचास.

यासिर : त्या बारा गुंठ्यांत? आपल्या... म्हणजे तिच्या... म्हणजे ज्याच्यावर केस हाय त्यात?

झुलेखा : त्यातच. तिला म्हटलं, अगं तुझ्या मुलांना कळलं तर? तर म्हणाली, जमिनीचं काय ते कोर्ट बघेल, झाड झुलेखाचं. ती तिथेच जन्मली, मग दुसरीकडे कुठे लावू? आणि मी जिवंत निघाले, तर पंचाईत झाली तिची. विचारते, आता उपटू का गो? मेलेल्याच्या नावाने लावलाय. मी म्हटलं, राहू दे, मी त्याला मोठा होईपर्यंत टिकेन.

यासिर : दिवाळीनंतर त्या विहिरीचं पाणी खाली जातं. रोपाला पाणी कोण घालतं?

झुलेखा : हफिजा. सकाळी दोन कळश्या. गुडघे दुखतात तिचे, तरी.

यासिर : माहीन, तिचा नंबर लाव. नको, मला दे. मीच लावतो.

झुलेखा : जेव आधी.

यासिर : नाय, आधी हे. वाजतोय... हॅलो, हफिजाआपा? सलाम. मी यासिर. उस्मानचा यासिर, कुवेतहून. हो... हो गो, वाचलंस ते मीच लिहिलेलं. खोटं लिहिलं. गुरुवारी तिथेपण सगळ्यांसमोर माझं पत्र वाचलं जाईल, तुला आधी सांगतोय... नाय, नाय, रडू नको. आपाला काय झालेलं नाय. जिवंत हाय. माझ्यासमोर बसलीय, कुर्मा वाढतेय.